मदत हवी आहे: स्टेनलेसचा वस्तरा हनुवटीखाली ओढतोय

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहतो. आजोबांचा कार्बन स्टीलचा वस्तरा इथल्या दमट हवेत दर पावसाळ्यात गंजायचा, म्हणून जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना फ्रिओदुर वस्तरा घेतला. स्टेनलेस असल्यामुळे गंजाची कटकट मिटली. पण धार लावताना घाम फुटतोय.

पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवून आधी १००० ग्रिट (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग ५०००, शेवटी ८००० वर घासतो. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर ५०-६० फेऱ्या. हातावरचे केस उडतात, गालावरही वस्तरा अलगद फिरतो. हनुवटीखाली आला की मात्र खुंट कापण्याऐवजी ओढतो आणि मानेची नुसती आग आग होते. आजोबांच्या वस्तऱ्याला याच दगडांवर निम्म्या वेळात धार यायची. स्टेनलेसमधले क्रोमियमचे कार्बाइड, म्हणजे पोलादातले बारीक कण, कठीण असतात, दगडाला लवकर दाद देत नाहीत, हे मान्य.

मग १००० वरच जास्त वेळ द्यावा, की शेवटी पट्ट्याला ०.५ मायक्रॉनची क्रोमियम ऑक्साइड पेस्ट लावावी? आणि धारेवर उलटलेली धातूची बारीक पत्री राहिली असेल तर ती ओळखायची कशी? रोज स्टेनलेस वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. इतका देखणा वस्तरा कपाटात पडून राहावा असं वाटत नाही.