होझुगावा सहल (क्योतो, शनिवार २९ नोव्हेंबर): तोरोक्को कामेओकाला उतरल्यावर पुढे कसं?

प्रेषक: मंदार

मंडळी,
तोरोक्कोची (दरीतून जाणाऱ्या पर्यटक-रेल्वेची) तिकिटं एक महिना आधी खिडकी उघडली त्याच सकाळी घेतली, तरी दहाच्या सुमाराच्या गाडीत १८च मिळाली. आपण २६. होझुगावा नदीतल्या होडीचं ग्रुप बुकिंग अकरा-साडेअकराचं बघतोय. तोरोक्को सागा स्टेशनहून तोरोक्को कामेओका २५ मिनिटं, तिथून होडीच्या धक्क्यापर्यंत बस १५ मिनिटं. पण मोमिजीच्या (लाल पानांच्या हंगामातल्या) शनिवारी अख्खी गाडी त्याच एका बससाठी उतरते. १८ जण एका बसमध्ये चढणार का? आणि उरलेल्या ८ जणांचं काय? उद्या रात्रीपर्यंत कळवा, बुकिंग अडलंय.

प्रेषक: शिल्पा

मंदार, बसचा नाद सोड. तोरोक्को कामेओकाहून जेआरचं (नेहमीच्या रेल्वेचं) उमाहोरी स्टेशन चालत १० मिनिटं, सपाट रस्ता. तिथून एकच स्टेशन कामेओका, मग उत्तरेच्या दारातून बाहेर पडून धक्क्यापर्यंत आठ-दहा मिनिटं. गाडीची वाट बघणं धरून ४० मिनिटं ठेव. एकच गोम आहे: उमाहोरीला फक्त फुत्सू (सगळीकडे थांबणारी गाडी) थांबते, काइसोकु (जलद) नाही. वेळापत्रक बघताना फुत्सूच बघ, नाहीतर हिशेब कोलमडेल. साडेदहाला उतरलात तर अकराची होडी चुकलीच म्हणायची, साडेअकराच घे.
उरलेल्या ८ जणांनी सागा-आराशियामाहून जेआरने थेट कामेओका गाठायचं. त्यांना काइसोकुही चालेल, ती कामेओकाला थांबते.

प्रेषक: अविनाश

हे सगळं उलटं का करत नाही? आधी होडी, मग तोरोक्कोने निवांत परत. उमाहोरीची पायपीटच नको.

प्रेषक: मंदार

अविनाशकाका, होडी कामेओकाहून सुटते आणि आराशियामाला संपते, १६ किलोमीटर, प्रवाहाबरोबर. मोकळ्या होड्यासुद्धा ट्रकवर घालून वर नेतात. आधी होडी केली तर आराशियामाहून तोरोक्कोने पुन्हा कामेओका आणि तिथून पुन्हा जेआरने खाली. म्हणजे सुरुवातीला वर जाणं धरून दरीच्या चार फेऱ्या.

प्रेषक: सुनंदा

तोरोक्कोत बसायला मिळणार नाही ते ८ कोण, हे कोणी ठरवलं? जेआरचा मार्ग जवळजवळ सगळा बोगद्यातून जातो, होझुक्यो स्टेशन पुलावर आहे तेवढीच दरी दिसते. मुलांना जेआरमध्ये बसवू नका. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी जेआरने जावं, त्यांचं उमाहोरीपर्यंतचं चालणंही वाचेल.

प्रेषक: शिल्पा

सुनंदाताई, अगदी. फक्त एवढं सांगा की नदी ते नंतर होडीतून दोन तास बघणारच आहेत. तोरोक्कोवाल्यांनाही सांगते, खिडकीवरून भांडू नका. वाटेत गाडी पूल ओलांडते आणि नदी दुसऱ्या बाजूला जाते.

प्रेषक: विद्याधर

विषय निघालाच आहे म्हणून. सहलीच्या पत्रकात "कात्सुरागावा" छापलंय ते चूक नाही, सरकारदरबारी नदीचं नाव तेच. पण कामेओका ते आराशियामा या टप्प्याला होझुगावा म्हणतात, होडीही त्याच नावाची. सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने १६०६ मध्ये खडक फोडून हा जलमार्ग मोकळा केला, क्योतोला लाकूड, तांदूळ, कोळसा आणायला. पर्यटक नंतर आले. पत्रक पुन्हा छापणार असाल तर हे दोन ओळींत घाला. मजकूर मीच देतो, गेल्या वेळेसारखं परस्पर करू नका.

प्रेषक: प्राजक्ता

पत्रकाचं नंतर बघू हो. होडीचा २०२३ चा अपघात सगळे विसरले का? लहान मुलं आहेत आपल्यात.

प्रेषक: शिल्पा

विसरलो नाही. २८ मार्च २०२३. मागे सुकाणू धरणाऱ्याचा झोका हुकून तो पाण्यात पडला, होडी ताब्यात राहिली नाही आणि खडकावर आदळून उलटली. दोन नावाडी गेले. त्यानंतर होड्या बंद ठेवून जुलैत पुन्हा सुरू झाल्या. लाइफजॅकेट सगळ्यांनी घालायचंच, आणि ते जाड कोटाच्या आत नाही, वरून. फोटोसाठी सैल करायचं नाही. पुढे बांबूवाला, वल्हेवाला, मागे सुकाणूवाला असे किमान तिघे असतात, पाणी जास्त असलं की चौथा घेतात. पाणी फार वाढलं तर होडी सोडतच नाहीत, आणि ते त्याच दिवशी कळतं. कोषाध्यक्षांनी लक्षात घ्यावं: होडी रद्द झाली म्हणून तोरोक्को रद्द होत नाही, दोन्ही वेगवेगळ्या संस्थांच्या. पैसे एकत्र धरू नका.

प्रेषक: कोषाध्यक्ष

धरलेलेच नाहीत. तोरोक्को ८८० येन, मुलांना निम्मं. मध्ये उतरा किंवा शेवटपर्यंत जा, भाडं तेवढंच. होडीचे पैसे वेगळ्या रकान्यात आहेत. यादी माझ्याकडे आहे, कृपया परस्पर नवीन यादी करू नये.

प्रेषक: सुनंदा

होडीत बाथरूम नसतं. धक्क्यावरच सगळ्यांनी जाऊन यावं, मुलांना जबरदस्तीने न्यावं. पाणी कमी असेल तर दोन तासांच्या वरही वेळ लागतो.
खाण्याचं: आराशियामा जवळ आलं की दुकानाची होडी येऊन आपल्या होडीला चिकटते. ओदेन (रश्श्यात उकळलेले मुळा वगैरेचे तुकडे) शाकाहाऱ्यांनी घेऊ नये, त्याचं पाणीच माशाचं असतं, नुसता मुळा उचलला तरी. भाजलेला स्क्विड दिसतोच. मिताराशी दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) बहुतेक चालतात, वरचा पाक सोया सॉस आणि साखरेचा. काटेकोर असाल तर विचारून घ्या.

प्रेषक: अविनाश

मग तिखटमिठाच्या पुऱ्या मी आणतो. पण त्या धक्क्यावर खायच्या की होडीत?

प्रेषक: शिल्पा

काका, धक्क्यावर. होडीत खळखळाट आला की कडेला बसलेल्यांनी प्लास्टिकचा पडदा वर धरायचा असतो, हात मोकळे हवेत. आणि डबे, बॅगा पायाशी ठेवल्या तर भिजतात. क्योतोत राहणाऱ्यांनी मोठ्या बॅगा हॉटेलवरच ठेवा.

प्रेषक: मंदार

साडेअकरा, दोन होड्या, १३-१३. उमाहोरीमार्गे १८, थेट कामेओका ८. कामेओका स्टेशनाच्या उत्तरेलाच फुटबॉलचं स्टेडियम आहे, त्या दिवशी सामना असेल तर थेट जाणाऱ्या गटाने एक गाडी आधीची पकडावी. सामन्यांचं वेळापत्रक कोणीतरी बघा. मी बघणार नाही, बुकिंग मीच करतोय.

प्रेषक: विद्याधर

पत्रकाचं काय ठरलं?