दारू मोजणारा पट्टा: आपल्याकडे चाचणी व्हावी का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, अंगावर बांधून शरीरातली दारू मोजणाऱ्या पट्ट्यांबद्दल तुमचं मत हवंय. प्यायलेल्या दारूतला साधारण १ टक्का भाग कातडीवाटे बाहेर पडतो. ती वाफ पट्ट्यातल्या प्लॅटिनमवर पोचली की तिचं ॲसेटिक आम्ल होतं आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. अमेरिकेत घोट्यावर बांधायचा ‘स्क्रॅम’ पट्टा २००३ पासून वापरात आहे, तो दर अर्ध्या तासाला नोंद घेतो. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी मद्य संशोधन संस्थेच्या स्पर्धेत मनगटावरचं ‘स्किन’ हे उपकरण २ लाख डॉलरचं पहिलं बक्षीस घेऊन गेलं.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या आणि स्वतःहून तयार असलेल्या रुग्णांवर याची चाचणी मराठवाड्यात व्हायलाच हवी असं मला वाटतं. केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात कठीण. नेमकं तेव्हाच समुपदेशकाला फोनवरच्या “नाही घेतली हो सर” एवढ्यावर विसंबावं लागतं. आणि इथेच का, तर या पट्ट्यांवरचं बरंचसं संशोधन अमेरिकेत झालंय. घामाने आणि तापमानाने आकडा हलतो. मे महिन्यात ४२-४३ अंशांत रानात राबणाऱ्या माणसाच्या मनगटावर तो काय दाखवतो, हे परभणी-नांदेडकडेच कळेल.

कोयता_धारूर
दादा, तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय. पण हा पट्टा शेवटी पडायचा आमच्याच पायात. ऊसतोडीला गेल्यावर एक खाडा झाला तरी पैसे कापतात. उद्या मुकादमाच्या मोबाइलवर दिसलं की गडी रात्री प्याला, तर तो म्हणणार, तुझा आजचा दिवस धरत नाही. मग आगाऊ घेतलेली उचल फिटायची कधी? दिवसभर मोळ्या वाहून अंग ठणकतं म्हणून आमच्यातले कितीक जण पितात. ते ठणकणं मोजायला कुणी यंत्र आणत नाही. उसाच्या फडावर आधी दवाखान्याची गाडी पाठवा.

वॉर्डातली_सिस्टर
मी मानसोपचार वॉर्डात काम करते. चाचणीला माझा पाठिंबा आहे, पण पट्टा काय करू शकत नाही तेही समजून घ्या. रक्तातली दारू आधी वाढते, कातडीवर ती नंतर येते. अर्धा तास, कधी दोन तासही लागतात, आणि घोट्यावर मनगटापेक्षा उशीर जास्त. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला अडवून या पट्ट्यावर दंड करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती तपासायला फुंकायचं यंत्र किंवा प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. सॅनिटायझर किंवा अत्तर लागलं तरी आकडा चढतो. मात्र तो झटकन चढून झटकन उतरतो, प्यायलेल्या दारूचा आलेख हळू चढतो. आलेख वाचता येणारा माणूस हवा, नुसता भोंगा नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रोज पिणाऱ्या माणसाने धाकापोटी दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. त्यात जीवही जातो. त्यामुळे औषधोपचार पूर्ण झाल्याशिवाय कुणाच्याही मनगटावर हे बांधू नका.

पारावरची_ताई
नवरा पिऊन आलाय हे बाईला दारातच कळतं. तिला यंत्र लागत नाही. आमच्या गावात बाया ‘आडवी बाटली’च्या मतदानासाठी सह्या गोळा करत फिरल्या. निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीच्या बाजूनं पडले तर परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी मात्र मुळातच बेकायदा, ती कोणत्या मतदानानं बंद करायची? तिथं छापा हवा. ते सोडून मनगटावर पट्टे बांधत बसायचं?

गोदाकाठ
ताई, बाईला कळतं हे खरंच. पण तिचं ऐकून कोण घेतं? केंद्रात ती सांगते “परत सुरू झालंय”, आणि तो शपथ घेऊन नाही म्हणतो. तिच्या शब्दामागे नोंद उभी राहिली तर उपचार लवकर बदलता येतील, म्हणून मला हा पट्टा हवाय.

पारावरची_ताई
आणि त्या नोंदीवरून केंद्रातून घरी फोन आला की मार कोण खाणार? “तूच कळवलंस” म्हणून तिलाच. पट्टा खरं बोलला तरी त्याचे वळ तिच्याच पाठीवर उठणार. याचा विचार तुमच्या चाचणीत कुठं आहे?

लातूरचा_वकील
कायद्याचं थोडक्यात. नार्को चाचणी संमतीशिवाय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. जामिनावरच्या माणसाने आपलं ठिकाण गुगल मॅपवर सतत पोलिसांना दाखवावं, ही अटही जुलै २०२४ मध्ये खासगीपणाच्या हक्कामुळे रद्द झाली. इंग्लंडमध्ये न्यायालय गुन्हेगाराला १२० दिवसांपर्यंत असा पट्टा बांधू शकतं. तशी सक्ती आपल्याकडे आणायला माझा विरोध राहील. उपचारासाठी, रुग्णाच्या मर्जीने, हव्या त्या दिवशी काढून ठेवायची मुभा असेल तरच.

गोदाकाठ
मग असं करू. अंबाजोगाई किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाने, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनेच हे करावं. नोंद फक्त रुग्ण आणि समुपदेशक पाहतील. आकडा चढला म्हणून घरी फोन जाणार नाही. समुपदेशकाने त्या रुग्णाशी पुढच्या भेटीत बोलावं, आणि बायकोशी बोलायचं ते वेगळं, तिला हवं तेव्हा. ताईंनी मांडलेली भीती चाचणीच्या आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवी.

कोयता_धारूर
संमतीचं म्हणाल तर उचलीच्या कागदावर पण अंगठा आमचाच असतो. म्हणून लेखी टाका: ऊसतोडीच्या टोळीत असलेला माणूस घ्यायचा नाही आणि मुकादमाला, कारखान्याला नोंद कधीच द्यायची नाही. एवढं असलं तर माझ्या थोरल्या भावाला मी स्वतः घेऊन येतो. तो आता फडावर जात नाही, केंद्रात राहून आलाय आणि परत पितोय.

पारावरची_ताई
तुमच्या भावाला गुण येवो. पण सिस्टर म्हणतात, आलेख वाचणारा माणूस हवा. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनाचा समुपदेशक नाही, बायांना जिल्ह्याला हेलपाटे घालावे लागतात. आधी ती माणसं नेमा. तोवर माझं मत या चाचणीच्या विरोधातच धरा.