मदत हवी आहे: जुन्या जीपचे चाकाचे नट ढिम्म हलत नाहीयेत, एक स्टड तुटला

शेडमधली_जीप:

नमस्कार मंडळी, आमच्याकडे १९६४ ची महिंद्राची सीजे-३बी आहे, ती उंच बॉनेटवाली. बाबांनी १९८६ ला लिलावात घेतली होती आणि माझं सगळं लहानपण तिच्यात गेलंय. चिपळूणजवळ गावी पत्र्याच्या शेडमध्ये ९ वर्षं उभी आहे, बाबा गेल्यापासून कुणी तिला हात लावला नाही. आता आईला वाटतंय की गाडी परत चालू व्हावी, मलाही मनापासून वाटतंय, म्हणून गेल्या महिन्यापासून दर शनिवारी-रविवारी गावी जातोय.

इंजिन हाताने फिरतंय, ते नंतर बघू. आधी ब्रेक उघडायचेत आणि त्यासाठी चाकं काढायचीत, तर तिथेच सगळं अडलंय. उजवीकडची दोन्ही चाकं निघाली, जोर लागला पण निघाली. डावीकडचं पुढचं चाक काढायला तालुक्याच्या एका गॅरेजमधून माणूस आणला होता, त्याने पान्याला पाइप घातला आणि त्यावर उभाच राहिला, आणि कडकन आवाज होऊन स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, नटासकट तुटून हातात आला. दुसऱ्या नटाचे कोपरे झिजून गोल झालेत. मी लगेच थांबवलं. नंतर आमच्या शेजारचे काका, आयुष्यभर ट्रक चालवलाय त्यांनी, ते म्हणाले अरे डाव्या बाजूला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरव. म्हणून मागच्या डाव्या चाकावर तसं फिरवून बघितलं तर तेही हलेना, आणि आता मला भीती वाटतेय की मी अजून घट्टच करतोय की काय. उलटे का सुलटे हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि तुटलेला स्टड बदलायचा कसा? बाबांची गाडी आहे, अजून काही तुटायला नको, प्लीज सांगा.

पाऊण_इंची:

पहिलं काम, मागच्या चाकाला हात लावू नका. काका म्हणतात ते बरोबर आहे, विलीजच्या, म्हणजे जीपच्या मूळ अमेरिकी कंपनीच्या, डिझाइनमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे होते आणि आपल्याकडच्या जुन्या जीपाही तशाच आल्या. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये असा त्यामागचा विचार, त्या काळी अमेरिकेत क्रायस्लरच्या गाड्यांनाही तसंच असायचं. पण तुमची गाडी ६० वर्षांची आहे, मधे किती जणांनी ब्रेकचे ड्रम, हब (चाकाचा मधला भाग, ज्यात स्टड बसतात) इकडचे तिकडे केले असतील कुणाला माहीत, त्यामुळे बाजू बघून ठरवायचं नाही, प्रत्येक चाकाचा स्टड बघून ठरवायचं.

नटाच्या बाहेर स्टडचं जे टोक दिसतं ते तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, रंगाचे थर असतील तर खरवडा. टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसला तर उलटे आटे. अक्षर गंजून गेलं असेल तर मोबाइलने अगदी बाजूने जवळून फोटो काढा आणि तो फोटो फिरवून स्टड उभा करा. समोर दिसणाऱ्या आट्याच्या रेषा डावीकडून उजवीकडे चढत असतील तर सुलटे, म्हणजे नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवून सुटणार. उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे. फोटो न फिरवता आडव्या स्टडवरून अंदाज करू नका, हमखास गफलत होते.

शेडमधली_जीप:

दादा खूप आभार, आज सकाळीच केलं. पुढच्या डाव्या चाकाच्या तीन स्टडांवर एल स्पष्ट दिसतोय!! म्हणजे त्या माणसाने घट्टच करत करत तोडला. आणि मागच्या डाव्या चाकावर काहीच कोरलेलं नाही, फोटोत रेषा उजवीकडे चढतायत, म्हणजे सुलटे ना? म्हणजे तिथे मी घट्ट करत होतो. वाईट वाटलं खूप, पण कळलं ते बरं झालं. आता सोडवायचे कसे? एकाने सांगितलं गॅसवाला आणून नट लाल करून घे.

घाटावरचा:

गॅस नको!! टायर रिमवर असताना नट लाल करायचे नाहीत. आत हवा असेल तर टायर फुटतो, आणि हवा कमी असली तरी आतलं रबर तापून पेटणारा वायू तयार होतो. असे स्फोट होऊन माणसं गेली आहेत. फारच वेळ आली तर वॉल्व्हची पिन पूर्ण काढून मगच, तेही छोट्या टॉर्चने फक्त नट गरम करायचा, स्टड नाही, आणि डिझेल-रॉकेल ओतलेलं असताना तर मुळीच नाही. पण तुमच्याकडे ती वेळ येईल असं वाटत नाही.

शनिवारी रस्टोलीन (गंज सोडवायचं तेल) मारा, स्टडच्या टोकाला छोट्या हातोडीने सरळ टकटक करा, दहा-बारा वेळा, म्हणजे तेल आट्यात उतरतं. असं दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. घाई करू नका, कोकणातला गंज आहे तो. रविवारी संध्याकाळी पाना लावा आणि आधी सोडायच्या विरुद्ध दिशेला अगदी थोडासा दाब द्या, एवढासा कट्ट आवाज आला की गंज सुटला, मग सोडायच्या दिशेने. अर्धा आटा सोडा, परत तेल, परत मागे, परत पुढे. एकदम फिरवत सुटलात तर आटे खातात.

सहा कोनांचं पाऊण इंची सॉकेट वापरा, बारा कोनी नको, ते कोपऱ्यावरच पकडतं. आणि पाइप दोन-अडीच फुटांपेक्षा लांब नको. या स्टडला घट्ट करायचा जोर ६५ ते ७५ फूट-पौंड, म्हणजे साधारण ९० ते १०० न्यूटन मीटर. चार फुटी पाइपाच्या टोकाला ६० किलोचा माणूस उभा राहिला की ७०० न्यूटन मीटरच्या वर जातं, अर्ध्या इंचाचा स्टड तिथे कसा टिकणार.

अजून एक, नट पहिल्यांदा हलवताना चाक जमिनीवरच ठेवा. या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) मागे प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. जमिनीवरच्या बाकी चाकांना दोन्हीकडून दगड लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही.

जुना_टर्नर:

स्टडबद्दल मी सांगतो, अशा बऱ्याच जीपा लेथवर आल्यात माझ्याकडे. साध्या गाडीसारखा हातोडा मारून तो स्टड बाहेर काढायला जाऊ नका. विलीजच्या मूळ स्टडची कड ड्रमवर ठोकून फुगवलेली असते, तीच ड्रम आणि हब एकत्र धरून ठेवते. तसाच ठोकला तर हबचं भोक मोठं होतं आणि मग नवा स्टड त्यात फिरत राहतो, कधीच घट्ट बसत नाही. आधी ती फुगवलेली कड ड्रिलने किंवा कटरने काढायची आणि मग प्रेसवर दाबून बाहेर. पुढचा हब बेअरिंगसकट सहज निघतो, तो घेऊन चांगल्या टर्नरकडे जा. मागचा मात्र निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीसकट (लोखंडी पाचर) बसलेला असतो, त्याला ओढून काढणारा पुलरच लागतो, कडेला हातोडे मारले तर ड्रम वाकतो.

गोल झालेल्या नटावर १८ मिलीमीटरचं सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवा, जुनं सॉकेट घ्या, ते नंतर नटातून ठोकूनच काढावं लागतं. तरी नाही निघाला तर धारदार छन्नीने नट उभा चिरा. नट गेला तरी चालेल, हब वाचला पाहिजे.

नवा स्टड अर्धा इंच, इंचाला २० आट्यांचा, उलटाच घ्यायचा, नटही उलटा. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा, जुना नमुना बरोबर न्या. एका चाकावर दोन्ही प्रकार कधीच मिसळू नका.

शेडमधली_जीप:

मंडळी, अपडेट. दोन आठवडे रोज फोन करून शेजारच्या काकांकडून तेल घालून घेतलं, त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. आज पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटले, पहिल्याचा कट्ट आवाज आला तेव्हा आई शेडच्या दारात उभी होती, तिने विचारलं तुटला का, म्हटलं नाही गं, सुटला. गोल झालेला चौथा १८ च्या सॉकेटने निघाला. मागचे पाचही नट सुलटे फिरवून दीड तासात निघाले, म्हणजे ते डाव्या बाजूला उजवीकडचंच हब-ड्रम बसवलेलं आहे. तिथे रिमवर पिवळ्या रंगाने बाण काढून ठेवलाय, आणि पुढच्यावर उलटा बाण, म्हणजे पुढे कुणी पंक्चर काढेल त्याला लगेच कळेल.

हब घेऊन बुधवारी टर्नरकडे चाललोय. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावू का? काका म्हणतात लाव, इथल्या हवेत परत गंजेल.

पाऊण_इंची:

वा, मस्त वाटलं वाचून! आट्यांवर ग्रीस अगदी बोटाने पुसल्यासारखं चालेल, पण नटाची निमुळती बाजू आणि रिमचं भोक कोरडं ठेवा. ग्रीस असेल तर तोच आकडा लावून स्टड जास्त ताणला जातो, म्हणून ६५ फूट-पौंडांच्या वर जाऊ नका. नटाची निमुळती बाजू रिमकडे, एक सोडून एक असे घट्ट करा, आणि ५० किलोमीटर चालवून परत एकदा तपासा. पुढच्या डाव्या चाकाला टॉर्क पाना लावण्याआधी तो उलट्या दिशेनेही मोजतो ना ते बघा, बरेचसे एकाच दिशेने मोजतात.

शेडमधली_जीप:

माझा एकाच दिशेचा निघाला. टर्नरकडे दोन्ही दिशांचा आहे म्हणतात, बुधवारी तोच मागून आणतो.