दीड इंची फणसाच्या फळ्या कापायला बॅटरीवरची गोल करवत कोणती घ्यावी?

माळ्यावरचा फणस

नमस्कार. मी चिपळूणला राहते, शाळेत गणित शिकवते. आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा वडिलांनी फणसाच्या नऊ फळ्या निवडून माळ्यावर ठेवल्या होत्या. दीड इंच जाड, पाऊण फूट रुंद, सहा-सात फूट लांब. वडील गेल्या वर्षी गेले. त्या फळ्यांची पुस्तकांसाठी मांडणी करायची आहे आणि ती मला स्वतःच्या हातानं करायची आहे. खालच्या कप्प्यांना १८ मिमी प्लाय लावीन.

आजवर हातकरवतीवर पाट, स्टूल, देव्हारा एवढं केलंय. पण सात फुटी फळी उभी चिरायला हातकरवत पुरत नाही. भेटेल तो सांगतो, मार्बल कटरला लाकडाचं पातं लाव आणि काप. तो मला घरात नको आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या हातात तो उसळला, डाव्या तर्जनीला सात टाके पडले. ते बोट अजून पूर्ण मिटत नाही.

काम मागच्या पडवीत करणार. तिथे प्लग नाही, आणि पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून कॉर्डलेस. माझ्याकडे बॉशचं १२ व्होल्टचं ड्रिल आहे, २ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांसह. त्यांवरच चालणारी छोटी करवत घेऊ, की १८ व्होल्टचं नवं सगळं घेऊ? बजेट २५ हजार. माझा हात लहान आहे, त्यामुळे वजनाचीही काळजी वाटते.

रंधा-पटाशी

ताई, मी सांगलीला सुतारकाम करतो, २२ वर्षं झाली. मार्बल कटर नको म्हणालात ते अगदी योग्य केलंत. तो फरशी कापायला बनवलाय. बिनभार मिनिटाला १२-१३ हजार फेरे, लाकडावर टेकायला तळ एवढासा, आणि खालच्या बाजूनं पातं उघडं. गोल करवतीला खाली स्प्रिंगचं झाकण असतं, लाकडातून पातं बाहेर आलं की ते आपोआप मिटतं. आमच्या धंद्यात बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं आधी लिहिलं.

आता खोलीचा हिशेब. तुमची फळी ३८ मिमी. मार्बल कटर जेमतेम ३४ मिमीपर्यंत जातो, म्हणजे तो तसाही कामाचा नव्हता. बॉशची १२ व्होल्टची करवत येते, ८५ मिमी पात्याची, ती २६.५ मिमी कापते. प्लायला छान, फणसाला नाही. दोन्ही बाजूंनी कापून मधे जुळवू म्हणाल तर सात फुटांत कुठेतरी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पायरी पडतेच, मग ती रंध्यानं काढत बसा.

१८ व्होल्टची १६५ मिमी पात्याची घ्या. मकिताची डीएचएस ६८०, बॉशची जीकेएस १८व्ही-५७, दोन्ही सरळ ५७ मिमी कापतात. ४५ अंशांत तिरकं कापताना खोली कमी होते, ४० च्या आसपास राहते, तरी तुमची ३८ ची फळी बसते. दुकानात मात्र बॅटरी लावून उचलून बघा. बॅटरीशिवाय सगळ्याच हलक्या वाटतात.

पातं डावीकडे आहे की उजवीकडे तेही बघा. उजव्या हातानं काम करणाऱ्याला पातं डावीकडे असलं की रेघ सरळ दिसते. उजवीकडे असलं तर मोटरवरून वाकून बघावं लागतं, पण करवतीचं वजन आधार असलेल्या फळीवर राहतं. मला दुसरं आवडतं. तुम्ही दोन्ही धरून बघा.

सेल-जोडणी, पुणे

बॅटरीबद्दल लिहितो, रोजचं काम तेच आहे. मॅडम, तुमची १२ ची बॅटरी म्हणजे आत ३.६ व्होल्टचे तीन सेल, खरे १०.८ व्होल्ट. गुणिले २ अँपिअर-तास, साधारण २२ वॉट-तास, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. चौपट. दीड इंची कठीण लाकूड उभं चिरताना हा फरक हाताला कळतो.

दुकानात एका बॉक्सवर १८ आणि दुसऱ्यावर २० लिहिलेलं दिसेल. गोंधळू नका. दोन्हीत पाच-पाच सेल ओळीनं असतात. २० हा नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा, चालू कामात ती १८ चीच. फक्त एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या करवतीत बसत नाही, म्हणून आज जी घ्याल तिच्याच घरात पुढे राहाल. करवतीसाठी ४ किंवा ५ अँपिअर-तासाचीच घ्या. लहान बॅटरीत सेलची एकच ओळ असते, तिच्यावर ताण येऊन ती लवकर तापते. तापलेली असताना लगेच चार्जरला लावू नका.

माळ्यावरचा फणस

दोघांचेही मनापासून आभार. ९० आणि २२ वाचल्यावर प्रश्नच मिटला. आता दोन शंका. प्लायची वरची कड फुटते, ढलप्या निघतात, त्याला काय करावं? आणि सात फूट सरळ कापणार कसं? माझा हात एवढा स्थिर नाही.

रंधा-पटाशी

हात कुणाचाच एवढा स्थिर नसतो ताई, आधार लागतो. ६ मिमी प्लायची आठ फुटी पट्टी घ्या, वर एका कडेला दुसरी सरळ पट्टी चिकटवून स्क्रू मारा. करवतीचा तळ त्या पट्टीला टेकवून एकदा पूर्ण चालवा. खालच्या प्लायची जादा कड कापली जाईल. आता ती कड म्हणजेच तुमची कापाची रेघ. खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि चालवायचं. माझी सहा वर्षं चाललीय.

ढलप्यांचं असं की पातं खालून वर फिरतं, त्यामुळे वरची बाजू फुटते. चांगली बाजू खाली ठेवा. प्लायला ४० किंवा जास्त दात्यांचं पातं, फणस उभा चिरायला २४ दात्यांचं. करवतीबरोबर येतं त्या एकाच पात्यावर दोन्ही कामं करू नका.

फणसाचं वेगळं सांगतो. घर उतरवलेल्या फळीत खिळा असतोच. आधी लोहचुंबक फिरवा, सापडेल तो उपटा, तुटलेला असेल तर तेवढी जागा सोडा. आणि जुनी फळी चिरताना आतला ताण सुटतो, मागची चीर मिटायला लागते, पातं आवळलं की करवत अंगावर येते. फूट-दीड फूट गेलात की थांबा, पातं पूर्ण थांबू द्या, चिरेत लाकडाची पाचर बसवा, मग पुढे. पात्याची खोली फळीपेक्षा जेमतेम दोन सूत जास्त ठेवा. करवतीच्या थेट मागे उभं राहू नका, जरा बाजूला. तोंडाला मास्क.

माळ्यावरचा फणस

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उजवीकडच्या पात्याची घेतली, दोन्ही धरून बघून. पट्टी केली, चार खिळे निघाले, त्यातला एक आत मोडलेला होता. पाचर दोन ठिकाणी लावावी लागली. दुसऱ्या वेळी चीर खरंच मिटत आलेली डोळ्यांनी दिसली, आणि तुम्ही लिहिलं नसतं तर मी तशीच पुढे ढकलली असती.

फळी वरून काळपट, धुरकट होती. कापल्यावर भुसा हळदीसारखा पिवळाधमक पडला, पडवीभर. आई उठून आली, मूठभर उचलून वास घेतला आणि म्हणाली, हे झाड विहिरीजवळचं.

आज तिसरी फळी झाली. सहा राहिल्या आहेत.