डॅन कॅम्पबेल एवढा मोठा प्लेअर होता का?

नोव्हीकर_नवा:
मिशिगनला येऊन सहा महिने झाले. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकच विषय, लायन्स ही डेट्रॉइटची अमेरिकन फुटबॉल टीम आणि त्यांचा कोच डॅन कॅम्पबेल. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, नुसती मान हलवतो. तो आधी ह्याच टीमकडून खेळायचा म्हणे. मग स्टार होता का, की ओळखीपाळखीने कोच झाला? थँक्सगिव्हिंगला मॅनेजरकडे जेवायला बोलावलंय आणि त्या दिवशी लायन्सची मॅच असतेच, जरा सांगा कोणीतरी.

ट्रॉयचा_बंड्या:
स्टार? छे! टाइट एंड होता आणि त्यातही ब्लॉकिंगवाला, म्हणजे बॉलवाल्याला वाट मिळावी म्हणून समोरचे धिप्पाड गडी अंगावर घ्यायचे. 1999 ला नव्या खेळाडूंच्या निवडीत जायंट्स टीमने तिसऱ्या राउंडला घेतला, मग काउबॉइज, मग 2006 ते 2008 लायन्स. अख्ख्या करिअरमध्ये पास झेललेले शंभर कॅचसुद्धा नाहीत. 2008 चे लायन्स म्हणजे 16 पैकी 16 हरलेली टीम, त्यात हा जास्त वेळ दुखापतीने बाहेरच. पुढच्या सीझनला सेंट्स टीम सुपर बोल, म्हणजे फायनल, जिंकली, हा त्यांच्याकडे होता पण जायबंदी, एक मॅच खेळला नाही.

मायाजाल:
ओळखीचं म्हणाल तर शॉन पेटन. कॅम्पबेल जायंट्समध्ये खेळायचा तेव्हा पेटन तिथे कोच होता, नंतर सेंट्समध्ये त्याने 5 वर्षं कॅम्पबेलला हाताखाली कोच म्हणून ठेवलं. पण त्याआधी 2010 ला मायामीच्या टीमकडे कॅम्पबेल चक्क इंटर्न होता हो, इतकी वर्षं एनएफएल, म्हणजे हीच लीग, खेळून! 2015 ला मायामीने हेड कोचला मध्येच काढलं तेव्हा 12 मॅचेस ह्याच्या हातात आल्या, 5 जिंकल्या, पण कायम काही केलं नाही. 2021 ला लायन्सने घेतला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणे आम्हाला पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. लोक हसले, पहिल्या वर्षी 3 च मॅच जिंकला, अजून हसले. 2023 ला 12 जिंकल्या, 30 वर्षांनी डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पहिले आले.

कट्ट्यावरचा_काका:
कौतुक पुरे. चौथ्या डाउनला, म्हणजे 10 यार्ड पुढे जायच्या शेवटच्या प्रयत्नाला, बाकीचे गपचूप किक मारतात, ह्याला जुगार खेळायचाय. जानेवारी 2024, फोर्टीनाइनर्सविरुद्ध हाफटाइमला 24-7 पुढे, जिंकलो की सुपर बोल. दोनदा फील्ड गोल, म्हणजे किक मारून 3 पॉइंट, सोडून चौथ्या डाउनला पुढे जायला गेला, एकदा आपल्या रेनॉल्ड्सच्या हातातून बॉल निसटला, 34-31 हरलो. मी त्या रात्री जेवलो नाही, बायको म्हणे खेळ कोणाचा, उपास कोणाचा.

ट्रॉयचा_बंड्या:
काका, त्याच जुगारावर 12 जिंकल्या ना? अंगावर घ्यायची सवय आहे त्याला, ती कोच होऊन जाते काय. आणि पुढच्या सीझनला 17 पैकी 15, तेव्हा कुठे होतात?

कट्ट्यावरचा_काका:
त्या वर्षी प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, पहिलीच मॅच घरच्या मैदानावर हरलो, तिथेच होतो मी, स्टँडमध्ये.

नोव्हीकर_नवा:
थँक्यू मंडळी. काका, ते चौथ्या डाउनचं मॅनेजरसमोर काढू का नको?

कट्ट्यावरचा_काका:
जेवण झाल्यावर काढ.