बुटक्यांना पळवू नका
वॉरहॅमर म्हणजे रंगवलेल्या चिमुकल्या शिपायांनी टेबलावर खेळायचा लढाईचा खेळ. त्यातल्या दाढीवाल्या बुटक्यांच्या फौजेबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'बुटके शत्रूपर्यंत पोचेस्तोवर डाव संपतो.' खरंय. वॉरहॅमरच्या 'द ओल्ड वर्ल्ड' आवृत्तीत माणूस एका चालीत 4 इंच चालतो, बुटका 3. मग चालवायचंच कशाला? मागे टेकडीवर दोन तोफा, पुढे ढालवाले, आणि समोरच्यालाच येऊ द्यायचं. (आमची टेकडी म्हणजे टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल.)

बडोदेकरांनो, एक मात्र ऐका, पावसाळ्यात रंगवलेल्या शिपायांवर मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा स्प्रे नको. गेल्या जुलैत दांडिया बाजारातल्या गच्चीवर वीस शिपाई फवारले आणि दमट हवेनं सगळ्यांच्या लाल दाढ्या पिठात बुडवल्यासारख्या पांढऱ्या! ब्रशनं ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा पातळ हात दिला, तेव्हा कुठे रंग परतला. चौघांना तसंच ठेवलंय, आजोबा म्हणून.