विंडोज ७ आणि विंडोज ११ असलेले घरातील दोन संगणक जोडण्याबाबत

प्रश्न
नमस्कार. आमच्याकडील मोडी लिपीतील जुने दस्तऐवज आणि घरातील छायाचित्रे मी गेल्या चार वर्षांत स्कॅन करून विंडोज ७ असलेल्या डेस्कटॉपवर साठवली असून तो संग्रह आता सुमारे ३०० जीबी झाला आहे. त्या संगणकाचा भरवसा उरलेला नसल्याने हे सर्व विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर आणायचे आहे. पेन ड्राइव्हने थोडे थोडे नेताना काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागेना. शिवाय ४ जीबीपेक्षा मोठे व्हिडिओ त्यावर जातच नाहीत. म्हणून दोन्ही संगणक लॅन केबलने थेट जोडले. दिवे लागतात, पण एकाला दुसरा दिसत नाही आणि दोघांचेही आयपी पत्ते १६९.२५४ने सुरू होतात. यासाठी क्रॉस केबल (एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली लॅन केबल) लागते असे दुकानदार म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर १
क्रॉस केबल घेऊ नका. दिवे लागले आहेत, म्हणजे जोडणी झालेली आहे. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) पोर्ट साध्या केबलवरही तारांची अदलाबदल आपोआप करून घेतात. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता म्हणजे पत्ते वाटून देणारे कोणी न भेटल्याने विंडोजने स्वतःच घेतलेला पत्ता. असे दोन संगणक एकमेकांशी बोलू शकतात, पण विंडोज अशा अनोळखी नेटवर्कला ‘पब्लिक’ मानते आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखणारी विंडोजमधील सोय) फाइल शेअरिंग अडवते. तुमची खरी अडचण येथे आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन्ही संगणक घरातील राउटरच्या लॅन पोर्टांना जोडणे. राउटर पत्ते देईल. त्यानंतर लॅपटॉपवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आणि विंडोज ७वर ‘होम’ निवडावे. यासाठी इंटरनेट लागत नाही. उलट विंडोज ७ला सुरक्षा अद्यतने मिळणे जानेवारी २०२०मध्ये थांबल्यामुळे, हे काम चालू असेपर्यंत राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्नकर्ता
तसे केले. लॅपटॉपवरून डेस्कटॉपचा पत्ता टाकल्यावर तो प्रतिसाद देतो, पण नाव आणि पासवर्ड मागतो. डेस्कटॉपला पासवर्ड कधी ठेवलेलाच नाही.

उत्तर २
पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून प्रवेश करू न देणे हा विंडोजचा मूळ नियम आहे. पासवर्डची अटच काढून टाका असा सल्ला अनेक ठिकाणी मिळेल, पण तो मानू नये. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असा पाहुणा-प्रवेश मुळातच बंद असतो. डेस्कटॉपवरील खात्याला पासवर्ड द्या आणि लॅपटॉपवर तेच नाव व तोच पासवर्ड भरा. लॅपटॉपचा पिन येथे चालत नाही. फोल्डर शेअर करताना फक्त वाचण्याची परवानगी ठेवावी, म्हणजे लॅपटॉपवरून चुकूनही मूळ फाइल पुसली जाणार नाही. एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंग पद्धतीची जुनी आवृत्ती) सुरू करण्याचीही गरज नाही, कारण विंडोज ७ला त्यापुढची आवृत्ती कळते.

उत्तर ३
वेगाकडेही लक्ष द्यावे. जोडणी १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) असेल तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी (मेगाबाइट) जातात आणि ३०० जीबीला साडेसात तास लागतात. गिगाबिट जोडणीवर हेच काम पाऊण-एक तासात होऊ शकते. इंटरनेटच्या प्लॅनशी याचा काही संबंध नाही. गिगाबिटला केबलमधील आठही तारा लागतात, त्यामुळे एखादी तार सैल असली तरी वेग १०० वर येतो. तसेच, माउसने ओढून कॉपी करण्याऐवजी विंडोजमधील रोबोकॉपी ही टाइप करून द्यायची कॉपीची आज्ञा वापरावी. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर ती आधी पोहोचलेल्या फायली वगळून उरलेल्याच घेते.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. वेग १००च दिसत होता. केबल बदलल्यावर १ जीबीपीएस झाला. जुनी हार्ड डिस्क मंद असल्याने पाऊण तासात नव्हे, पण सव्वादोन तासांत सर्व कॉपी झाले. दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळला आहे. बाहेरील डिस्कवर आणखी एक प्रत होईपर्यंत डेस्कटॉपवरील मूळ फायली तशाच ठेवणार आहे.